सत्तेचाळिसावं पान

शनिवारी दुपारी चार वाजले, की शिरूरच्या दूध केंद्राच्या पडवीत सतरंजी पडायची. सातजण आपापली वही मांडीवर घेऊन बसायचे आणि एकेकानं उठून आपल्या आठवड्याचं पान मोठ्यानं वाचायचं. तीन मथळे ठरलेले. या आठवड्यात काय शिकलो, काय चुकलं, पुढं काय करणार. ही टूम वाकणकर साहेबांची. साहेब पुण्याचे, गुजरातेत दुधाचं शिक्षण घेऊन आलेले, केंद्राचे मॅनेजर. माणूस स्वभावानं मऊ. आवाज चढवणं नाही, शिवी नाही, पान-तंबाखू नाही.

"चूक लिहायला भ्यायचं नाही," ते पहिल्याच शनिवारी म्हणाले होते. "वहीत लिहिलेल्या चुकीबद्दल इथं कुणालाही शिक्षा होणार नाही. हा माझा शब्द."

आता साहेबाच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. हौशीरामानं त्याच दिवशी ठरवून टाकलं. हौशीराम काट्यावर दुधाचे कॅन तोलायचा आणि त्याचं पान वर्षभर एकच. "वजन करायला शिकलो. काही चुकलं नाही. पुढंही वजन करणार." एवढं वाचून तो असा ऐटीत खाली बसायचा, की सगळे खो खो हसायचे. साहेबही हसायचे आणि हिरव्या शाईनं खाली सही ठोकायचे. बाकीच्यांची पानं काही त्याहून फार वेगळी नव्हती.

खरं लिहायचा तो एकटा बन्सी ओव्हाळ.

का लिहायचा म्हणाल, तर त्याला तो रोगच होता. कागदावर लिहिलेलं खोटं असू नये, असं त्याला मनापासून वाटायचं. त्याचा बाप म्हाळू गावकीचा तराळ. चावडीवरचं टपाल कमरेला खोचून अनवाणी तालुक्याला न्यायचं, हे त्याचं काम. कागदात काय लिहिलंय हे म्हाळूला जन्मात कधी कळलं नाही. एकदा भर उन्हात आठ कोस चालून त्यानं एक पाकीट कचेरीत पोचवलं. तिथल्या कारकुनानं ते फोडलं, वाचलं आणि हसत हसत त्यालाच ऐकवलं. म्हाळू तराळ कामचुकार आहे, त्यास दूर करावे. स्वतःच्या गळ्याचा फास स्वतःच कमरेला लावून नेला, ही गोष्ट म्हातारा मरेपर्यंत सांगायचा आणि सांगताना हसायचा. ते हसणं बन्सीला सोसायचं नाही. छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर म्हाळूनं गावकीचं काम सोडलं आणि पोराला शाळेतून काढलं नाही. पोरगं अकरावी पास झालं. पास होऊन उपयोग काय, तर पुढची अकरा वर्षं दौंडच्या रेल्वे यार्डात कोळसा उतरवत बसलं. रात्री खोकला आला की काळं थुंकायचं.

अशात भीमाकाठ दूध संघाची जाहिरात आली. संघाचं मुख्य ऑफिस दौंडला, दूध गार करायचं केंद्र शिरूरला. बन्सीला टेस्टर म्हणून घेतलं. एक वर्ष उमेदवारी, बावन्न आठवड्यांची बावन्न पानं, आणि काम नीट दिसलं तर कायमचा हुकूम. कायम झाला की कोळसा सुटला. जन्माचा सुटला.

टेस्टर म्हणजे दुधाचा परीक्षक. सकाळी सहापासून गावोगावचं दूध यायचं, सायकलवर, बैलगाडीत, संघाच्या ट्रकमधून. कॅन धक्क्यावर चढला की बन्सी झाकण काढायचा आणि झाकणच आधी नाकाशी धरायचा, कारण दूध उतरलेलं, म्हणजे आंबूस झालेलं असेल तर पहिला वास झाकणाला येतो. शंका आली तर थोडं दूध काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. नासलं तर कॅन परत. आता बघा, ज्याच्या बापाला पाटलाच्या ओसरीच्या दगडालाही हात लावायची सोय नव्हती, त्यानं पाटलाच्या दुधाला नापास म्हणायचं! कपाळाला आठ्या पडायच्या, कुणी कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. पण बन्सीचं नाक चुकत नव्हतं आणि वासाच्या एका कॅननं सगळी टाकी जाते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यामुळं धकून जात होतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी बन्सी घरी वही लिहायला बसायचा. शनिवारी वाचून झालं, साहेबांची सही झाली, की वही पुन्हा घरी यायची आणि रविवारी ती रंभेच्या ताब्यात जायची. रंभा त्याची बायको. तिला तिशीत लिहायचं वेड लागलं होतं. मुळाक्षरं त्यानंच शिकवली, आणि पुढं कित्ता म्हणून तिनं त्याचीच वही धरली. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला ती त्याचं आठवड्याचं पान जसंच्या तसं उतरवायची. पेन्सिल अशी गच्च धरायची की बोटाला घट्टा पडला. उतरवायला सगळा रविवार जायचा. मग बन्सी तांबड्या पेन्सिलीनं चुका काढायचा. कुठं काना गेलेला, कुठं वेलांटी उलटी.

"एक पान बिनचूक येऊ दे," तो म्हणायचा. "मग खाली तू तुझं नाव घाल."

"तवर नको व्हय?"

"तवर नको. चुकीच्या कागदावर नाव घालू नाही."

हे असं त्याचं.

पंच्याहत्तरचा मार्च लागला, ऊन तापलं, आणि दूध उतरायला लागलं. रात्रीचं दूध सकाळी घालणारे मग एक युक्ती करतात. दुधात चिमूटभर खायचा सोडा टाकतात. मग वास येत नाही आणि उकळलं तरी नासत नाही. सोडा पकडायचं एक औषध असतं, दोन थेंब टाकले की सोड्याचं दूध गुलाबी होतं. ते औषध जानेवारीतच संपलेलं. दौंडला तीनदा लिहिलं, तीनदा उत्तर आलं नाही. तेव्हा वाकणकर साहेबांनी बन्सीला बाजूला घेऊन जुनी रीत दाखवली. नळीतलं दूध गार करायचं, एक थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, थुंकायचं आणि चूळ भरायची. सोडा असेल तर जिभेला साबण लागल्यासारखं होतं.

"तुमची जीभ नाकाइतकीच तयार होईल, ओव्हाळ," साहेब म्हणाले होते.

पण बन्सीचं मन धजलं नाही. महिनाभर त्यानं जिभेला थेंब लावलाच नाही. चारचौघांसमोर, त्या धक्क्यावर, त्या लोकांच्या दुधाला आपली जीभ! तो नळी उकळायचा आणि पास म्हणून सोडून द्यायचा. दोनदा टाकीतलं दूध पुढं मुंबईत नापास झालं, तेव्हा मात्र त्याची त्यालाच शरम वाटली.

मग तो बुधवार आला. बबनरावांचे दोन कॅन धक्क्यावर होते. बबनराव म्हणजे संघाचे चेअरमन बापूसाहेब, त्यांचे सख्खे मेहुणे. गावात शब्द खाली न पडणारा माणूस. झाकणाला वास नव्हता, नळी उकळली तरी नासली नाही. बन्सी नळी घेऊन आत गेला, थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला, थुंकला. साबण! बाहेर येऊन त्यानं दोन्ही कॅनला तांबडी चिठ्ठी बांधली.

"सोडा हाय, बबनराव," तो हळूच म्हणाला. "परत न्या."

सोडा कुणी टाकला हे बबनरावांना ठाऊक होतंच. त्यांनी गड्याला खूण केली, कॅन उचलले आणि गेले. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलंही असतं. चोराला चोर म्हटलं नाही, चारचौघांत अब्रू काढली नाही, कोण कशाला उकरून काढेल?

पण शुक्रवार आला आणि आमच्या सत्यवानानं वही उघडली. हे ते पान:

"या आठवड्यात काय शिकलो: नाकाला फसवता येतं, जाळालाही फसवता येतं, जिभेला फसवता येत नाही. बुधवारी बबनराव यांच्या दोन कॅनचं दूध वासाला चांगलं होतं आणि उकळून नासलं नाही. थेंब जिभेला लावला तेव्हा सोडा कळला. काय चुकलं: साहेबांनी ही रीत महिन्यापूर्वीच शिकवली होती, पण लोक काय म्हणतील या भीतीनं मी ती वापरली नाही. त्यामुळे वाईट दूध पुढं गेलं. पुढं काय करणार: भिणार नाही."

शनिवारी त्यानं ते उभं राहून वाचलं. हौशीरामानं डोळे मिटून घेतले. साहेबांना मात्र भरून आलं. त्यांनी हिरव्या शाईनं खाली लिहिलं, "उत्तम. असेच लिहीत जा." आणि सही केली. बन्सीला त्या दिवशी दोन बोटं स्वर्ग उरला होता. सत्तेचाळीस पानं झाली, पाच राहिली.

पडवीत सात तोंडं होती. ट्रकचा ड्रायव्हर साहेबराव बबनरावांच्याच गावचा. रविवारी गोष्ट तिथल्या पारावर गेली आणि जाताना वाटेत बदलली. नळी गळून पडली, तळहात गळून पडला, थुंकणं गळून पडलं. राहिलं एवढंच, की ओव्हाळ कॅनला तोंड लावतो. दूध उष्टं करतो.

अरे, म्हशीखाली बसणारा गडी कोण, धार काढणारा हात कुणाचा, हे कुणी कधी विचारलं होतं का? पण सोमवारी तीन गावांचं दूध आलं नाही. ट्रक रिकामा गेला तसा रिकामा परत आला. मंगळवारी पाच गावांचं थांबलं. धक्का सुना पडला. दूध गार करायचं यंत्र उगीचच घुमत बसलं.

"बन्स्या," हौशीराम काट्याला टेकून म्हणाला, "म्या तुला कवापासनं सांगतोय, वजन करायला शिकलो एवढं लिव्हावं मानसानं. तुला शिकायचा लई सोस."

"खोटं काय लिव्हलंय का?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं लेका."

दुपारी वाकणकर साहेबांनी बन्सीला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

"तुमचं काही चुकलेलं नाही, ओव्हाळ. रीत मीच दाखवली."

"मग साहेब, तुमी तसं सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील."

साहेब पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. "सांगणार आहे. पण आता सगळे तापलेत. आधी जरा निवळू द्या. माझं ऐका, ते पान नव्यानं लिहा. जिभेला लावलं वगैरे काही नको. बबनरावांच्या दुधाबद्दल खात्री न करता लिहिलं, एवढंच लिहा. मी बापूसाहेबांना दाखवतो, गावं दूध पाठवतील, विषय संपेल. पाच शनिवार राहिलेत. एकदा कायमचा हुकूम हातात पडला, की मग तुम्हाला हलवायची कुणाची टाप आहे?"

"पर साहेब, ते खोटं व्हईल."

"अहो, ही आपली आपल्यातली वही. तो काय कोर्टाचा दाखला आहे?"

बन्सीनं एक रात्र मागून घेतली. घरी येऊन त्यानं रंभेला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"कायम करनार म्हनत्यात?"

"शब्द देत्यात."

"मग लिव्हा." तिनं भाकरी तव्यात टाकली. "अवो, एक पान. एका पानाचं काय घेऊन बसलाय? मला पुन्ना तो कोळसा घरात नको. तुमचा सदरा धुताना पानी काळं निघायचं, तवा माजं काळीज कसं व्हायचं ते मलाच ठावं. लिव्हा आन् मोकळं व्हा."

तिचं काय चुकलं? काही नाही. कुणाचीही बायको हेच म्हणाली असती.

बुधवारी साहेबांच्या टेबलावर बसून बन्सीनं नवं पान लिहिलं. साहेबांनी सांगितलं, त्यानं लिहिलं. "बबनराव यांच्या दुधात सोडा असल्याची नोंद मी खात्री न करता केली. ती खरी नव्हती. हे माझं चुकलं." अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. खोट्या अक्षरालाही वळण तेच असतं, याचं त्याला नवल वाटलं. साहेबांनी जुनं पान ब्लेडनं मुळापासून कापलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. शिवणीपाशी केसाएवढी किनार तेवढी राहिली. नव्या पानाखाली त्यांनी सही केली. या वेळी उत्तम-बित्तम काही लिहिलं नाही.

गुरुवारी दूध आलं. सगळ्या गावांचं आलं. बबनरावांचे दोन कॅन पुन्हा धक्क्यावर चढले. बन्सीनं झाकण नाकाशी धरलं, नळी उकळली आणि आत पाठवले. जिभेला काही लावलं नाही. त्या शनिवारी पडवीत सतरंजी पडली नाही. साहेब पुण्याला गेले होते म्हणे.

सोमवारी साहेबांनी त्याला हाक मारली. "ओव्हाळ, दौंडला जाऊन या. कमिटीची मीटिंग आहे, तुमच्या हुकमाचा विषय निघेल. वही बरोबर न्या. आणि हे पाकीट बापूसाहेबांच्या हातात द्या." पाकीट चिकटवलेलं होतं. साहेबांनी हे सगळं खिडकीकडं बघत सांगितलं. हुकमाचा विषय हा शब्द ऐकल्यावर बन्सीला बाकी काही दिसलंच नाही.

एस.टी. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं निघाली. बन्सी खिडकीशी, मांडीवर वही, वहीत पाकीट. धुतलेला पांढरा सदरा घातलेला, रंभेनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. पाकिटाचा डिंक एका कोपऱ्याला नीट बसला नव्हता. नख घातलं असतं तर उघडलं असतं. दोनदा नखापर्यंत मन गेलं आणि दोनदा त्यानं ते मागं ओढलं. दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही. त्याला वाचता येत होतं! बापाला येत नव्हतं, पण याला येत होतं, अकरावी पास होता हा माणूस! पण नाही फोडलं. मला आजही त्याचा राग येतो.

दौंडच्या ऑफिसात टेबलामागं कमिटीचे पाचजण बसले होते. मधे बापूसाहेब. बबनराव नव्हते, त्यांची गरजही नव्हती. बन्सीनं पाकीट दिलं, वही दिली आणि हात बांधून उभा राहिला. बापूसाहेबांनी वही उघडली. त्यांना पान शोधावं लागलं नाही.

"हे अक्षर तुजंच का?"

"व्हय, बापूसाहेब."

"सही?"

"माजीच."

"म्हंजी खात्री न करता तू आमच्या सभासदाच्या दुधात सोडा हाय म्हनून लिव्हलंस. आन् मग खोटं व्हतं म्हनून कबूल बी केलंस."

"बापूसाहेब, आधीचं पान येगळं व्हतं. हे मला साहेबांनी..."

"कुठाय आधीचं पान?"

बन्सीनं वही हातात घेतली, ती किनार दाखवली. पाचहीजणांनी वाकून बघितलं. केसाएवढी किनार, तिच्यावर काय लिहिलेलं असणार?

मग बापूसाहेबांनी पाकीट फोडलं आणि संथपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "सदर उमेदवाराच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, अशी कबुली त्याने स्वहस्ताक्षरात दिली आहे. परीक्षकाचे काम विश्वासाचे असल्याने त्यास कायम करू नये, अशी शिफारस आहे." खाली हिरवी सही. बन्सीला ती लांबूनही ओळखू आली. वर्षभर दर शनिवारी बघितलेली.

"आमी न्हाई काढत तुला," बापूसाहेब म्हणाले. "तुज्याच साहेबानं लिव्हलंय. आन् हितं जातीपातीचं कुनी बोललं का? कुनी एक शब्द बोललं न्हाई. हितं खऱ्या-खोट्याचा सवाल हाय. दूध तपासनारा मानूसच खोटं लिव्हायला लागला, तर कसं व्हायचं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. बन्सीला खूप बोलायचं होतं. औषध संपल्याचं, तीनदा लिहिल्याचं, थुंकून चूळ भरल्याचं. पण अक्षर आपलं, सही आपली, पाकीट आणणारे हात आपले. तो कुणाशी भांडणार होता? घशातून आवाज निघाला तो भलताच निघाला. त्याला हसू आलं. मोठ्यानं नाही, पण आलं. बापूसाहेबांनी भुवया उंचावल्या. त्यांना वाटलं, माणूस निर्लज्ज आहे. ते त्याच्या बापाचं हसणं होतं, हे त्यांना कुठून कळणार?

बाहेर आल्यावर पाय आपोआप स्टेशनाकडं वळले. यार्डात वाघिणी उभ्या होत्या, माणसं पाट्या उपसत होती. जुना मुकादम मारुतराव भेटला. त्यानं पांढऱ्या सदऱ्याकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं आणि फार विचारलं नाही.

"परवापासनं ये," तो म्हणाला. "फावडं तुजं तुला आनावं लागंल."

दिवेलागणीला बन्सी घरी पोचला. रंभा उंबऱ्यातच उभी होती. हुकूम झाला का, असं ती विचारणार होती, पण त्याचा चेहरा बघून तिनं विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, तुटक तुटक. पाकिटाचं सांगितलं तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली.

"म्याच म्हनले लिव्हा," ती म्हणाली. "म्याच म्हनले."

"तू न्हाई. हात माजाच व्हता."

मग रंभा एकदम उठली. ट्रंक उघडून तिनं कॅलेंडरचं एक पान काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. तिचे डोळे चमकत होते. "अवो, हे बगा! तुमचं जुनं पान. म्या त्या ऐतवारीच उतरवून घेतलंय, ह्या गडबडीत तुमी तपासायचं ऱ्हाऊन गेलं. सगळं हाय ह्यात. दाखवा जावा त्या बापूसायबाला!"

बन्सीनं पान हिसकावल्यासारखं घेतलं आणि दिव्याखाली धरलं. नाकाला फसवता येतं, जाळालाही फसवता येतं. बबनराव यांच्या दोन कॅनचं दूध. थेंब जिभेला लावला. साहेबांनी ही रीत महिन्यापूर्वीच शिकवली होती. सगळं होतं, अगदी सगळं. खाली त्याची सही होती, त्याखाली "उत्तम. असेच लिहीत जा," आणि त्याखाली साहेबांची सही. हिरवी नाही, पेन्सिलीची. पण वळण न् वळण, शेपटाची रेघसुद्धा. दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच तिला ठाऊक.

त्याचा हात हळूहळू खाली आला.

"रंभे, अक्षर तुजं हाय."

"मग? बगून लिव्हलंय. मनचं एक अक्षर न्हाई."

"मला ठावं हाय. त्यांना कसं पटायचं? घरी बसून बायकूकडनं लिव्हून घेतलं म्हनतील. आन् ही सही..." त्यानं बोट ठेवलं. "सायबाची खोटी सही केली म्हनून तुला पोलिसात देतील. हे पान कुनाला दिसता कामा नये."

रंभेला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं पान परत घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बघत राहिली. शेवटी कसं विचारावं असं होऊन तिनं विचारलंच, कारण दर आठवड्याला ती हेच विचारायची.

"चुका किती हायेत?"

बन्सीनं पान पुन्हा वाचलं. एकेक काना, एकेक वेलांटी बघितली. तांबडी पेन्सिल घ्यायची वेळ आली नाही.

"एक बी न्हाई," तो म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. लहान पोरासारखा गुडघ्यात डोकं घालून तो रडला.

रंभेनं त्याला रडू दिलं. मग तिनं ट्रंकेवरची पेन्सिल घेतली, पान जमिनीवर ठेवलं आणि सगळ्यात खाली, गच्च दाबून, आपलं नाव लिहिलं. रंभा बन्सी ओव्हाळ. जन्मात पहिल्यांदा. लिहून झाल्यावर तिनं ते नीट बघितलं आणि पान चुलीकडं घेऊन गेली.

"नाव तेवढं फाडून ठिव," बन्सी म्हणाला. "नावाला कोन काय म्हनतंय?"

"वर लिव्हलेलं ऱ्हाईना, मग खाली नुसतं नाव ठिवून काय करू?" रंभा म्हणाली, आणि तिनं अख्खं पान जाळात सारलं.